अनुभव धागा: एक बातमी, चार तोंडं (छाप, वेब, व्हिडिओ, समाजमाध्यमं). कुठे काय मोडतं?

जुना खिळा
कपाट आवरताना श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं जुनं डोंगल हाती लागलं. काडेपेटीएवढी डबी, तोंडाला पंचवीस दात. ही संगणकाच्या पाठीत खोचल्याशिवाय फॉन्ट चालायचे नाहीत. त्या फॉन्टातली बातमी दुसऱ्या यंत्रावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता काला. छापील पानाचं त्यात काही अडत नव्हतं, छपाईची प्लेट निघाली की झालं. तीच बातमी वेबसाइटवर चढवायची वेळ आली तेव्हा कन्व्हर्जन्स, म्हणजे एकच बातमी सगळ्या माध्यमांत देणं, या प्रकरणाशी खरी गाठ पडली.

नव्यांसाठी थोडक्यात. जुन्या फॉन्टात अक्षर दिसतं तसं साठवलेलं असतं: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या पद्धतीत, नेमकं उलट. जुन्याचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरला दोन्ही उचलून जागेवर ठेवावे लागतात आणि जोडाक्षर आलं की तो अडखळतो. 'निर्मिती'वर हमखास, कारण रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर. चाचणीसाठी निर्मिती, कार्यकर्ते, दुसऱ्या, ॲप, वाङ्मय हे पाच शब्द टाकून बघा. पाचही नीट आले तरच कन्व्हर्टर वापरा. आणि बातमीत मध्येच इंग्रजी शब्द असेल तर तो आधी बाजूला काढा. कन्व्हर्टर त्यालाही मराठी समजून भरडतो.

तर जे हे काम रोज करतात किंवा शिकवतात त्यांनी लिहा. सिद्धांत पुस्तकात आहेत. नक्की काय मोडतं आणि कसं सांधायचं, ते हवंय.

शेवटचं पान
'दुसऱ्या' काढलंत म्हणून लगेच लिहिते. हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन पाय मोडायचा. दोन, साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा जोडक (झीरो विड्थ जॉइनर). पडद्यावर दोन्ही सारखेच, पण शोधयंत्राला वेगळे. तसंच 'ॲ' एका फटक्यात आणि अ वर चंद्र देऊन. पाच वर्षांच्या संग्रहात 'ॲसिड' शोधलं आणि निम्म्याच बातम्या आल्या तर बहुधा कारण हेच. डेस्कवर, म्हणजे बातम्या संपादित होतात तिथे, एकच कीबोर्ड ठरवा, इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी) असेल तर उत्तम, आणि बातमी चढवण्याआधी शोधा-बदला एकदा चालवा.

सायली_ठाणे
वाचतेय. कुकर लावून येते.

बाइटवाली
कॉलर माइक. वायरवर डबी असते, तिच्यावर खटका. फोनला वेगळी बाजू, कॅमेऱ्याला वेगळी. कॅमेऱ्याच्या बाजूला आत बटण-सेल लागतो, खटका तिकडेच राहिला की सेल दुसऱ्या दिवशी मेलेला. आणि प्लगवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन असतील तर फोनचा, दोन असतील तर कॅमेऱ्याचा. दोन रेघांचा प्लग फोनला लावला तर फोन बाहेरचा माइक ओळखतच नाही, मुकाट्याने स्वतःच्या माइकवर रेकॉर्ड करतो. चित्र झकास, आवाज विहिरीतून. लक्षात येतं ते डेस्कवर. बाइट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) घेण्याआधी माइकवर नखाने टकटक करून दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि हेडफोनने ऐका. टकटक मोठी आली पाहिजे.

कट टू
टकटकीला +१.

फोनच्या व्हिडिओतला दुसरा घोळ: ओठ आणि आवाज जुळत नाहीत. सुरुवातीला नीट, आठव्या मिनिटाला अर्धा सेकंद मागे. फोन फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) स्थिर ठेवत नाही, उजेड कमी झाला की ३० वरून २४-२५ वर घसरतो, आणि एडिटिंग सॉफ्टवेअर तो एकच धरून चालतं. उपाय: टाइमलाइनवर घेण्याआधी हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून काढा. 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडा, २५. आपलं टीव्ही प्रसारण २५ वरच आहे.

फोनवर शूट करतानाही २५ आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. फोन ३० आणि १/६० वर असला की सभागृहात चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसतात. ते नंतर धड निघत नाहीत.

मिरजकर
पुराचं लिहितो, कारण एकाच आकड्याची चार तोंडं तिथे जेवढी दिसतात तेवढी कुठेच नाहीत.

सांगलीत आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याशी ३९ आणि ४३. हे चार आकडे पाठ हवेत. वेबवाला घाईत सांगलीच्या बातमीला कोल्हापूरची धोका पातळी लावतो आणि दोन फुटांनी घबराट पसरते.

दुसरं, टीएमसी आणि क्युसेक. टीएमसी म्हणजे साठा, शंभर कोटी घनफूट. क्युसेक म्हणजे वेग, सेकंदाला एक घनफूट. 'कोयनेतून ५० हजार टीएमसी विसर्ग' अशी पट्टी टीव्हीवर चालली तर लक्षात घ्या, अख्खं धरणच १०५.२५ टीएमसीचं आहे! ताळा असा करा: दिवसभर ११,५७४ क्युसेक सोडलं की एक टीएमसी. ५० हजारांनी सोडलं तर एक टीएमसी जायला साडेपाच तास.

तिसरं, वेळ. पातळी तासातासाला बदलते. पट्टीवर रात्री ९ ला ४१ फूट, डाक आवृत्तीतही (लांबच्या गावांसाठी लवकर छापली जाणारी) ४१, शहर आवृत्तीत ४३, आणि सकाळी गावात वाचतात ती डाक. म्हणून आकडा कधीच एकटा सोडायचा नाही. 'रात्री ९ वाजता ४१ फूट' हे एकत्रच टाइप करायचं. समाजमाध्यमांसाठी कार्ड केलं तर तारीख आणि वेळ चित्रातच कोरायची, खालच्या मजकुरात नाही. मजकूर गळतो, चित्र फिरत राहतं. २०१९ च्या पुराची चित्रं दर पावसाळ्यात नव्याने फिरतात ती त्यामुळेच.

सायली_ठाणे
कार्डावर वेळ कोरण्याचं हजारदा सहमत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवाच जुनं कार्ड आलं होतं. (कुकर झाला, वरण उतू गेलं.)

मिरजकर
ताई, वरणाला धोका पातळी नसते, थेट विसर्ग.

शेवटचं पान
😄

वेळेवरून 'आज'. बातमीदार दुपारी वेबसाठी लिहितो 'आज'. तीच कॉपी छापायला जाते, वाचक उद्या वाचणार, म्हणून 'काल' करावं लागतं. घाईत एका ठिकाणी 'काल' होतं, चौथ्या परिच्छेदात 'आज' तसाच. मूळ कॉपीतच 'बुधवारी (ता. १२)' लिहायची सवय लावा, दोन्हीकडे चालतं. 'होणार आहे'चंही तेच: दुपारी होणार होतं, पान सुटेपर्यंत होऊन गेलेलं असतं. क्रियापदं शेवटी एकदा नुसती क्रियापदं म्हणून वाचा.

आणि आपलं लाडकं अवतरणातलं सर्वनाम. "'तो' बिबट्या अखेर जेरबंद!" छापात ठीक, वाचकाने कालचं पान वाचलेलं असतं. गुगलवरून आलेल्याला 'तो' कोण? बिबट्या जुन्नरचा असेल तर वेबला जुन्नर आणि गावाचं नाव पुढे हवं. फोनच्या नोटिफिकेशनमध्ये पहिली चाळीसेक अक्षरंच धड दिसतात, ती 'अखेर' आणि 'धक्कादायक'मध्ये घालवू नका.

अण्णा_दादर
हे सगळं ठीक. पण एकाच माणसाने बातमी लिहायची, व्हिडिओ काढायचा, रील करायचं, फेसबुक लाइव्ह करायचं, आणि पगार एकच. याला कन्व्हर्जन्स म्हणतात की वेठ?

जुना खिळा
अण्णा, दोन्ही म्हणतात. अमेरिकेत टँपा शहरात २००० साली टँपा ट्रिब्यून हा पेपर, डब्ल्यूएफएलए वाहिनी आणि त्यांची वेबसाइट एकाच इमारतीत आणली. पुढची कित्येक वर्षं अभ्यासक्रमात तेच उदाहरण. २०१६ मध्ये तो पेपर प्रतिस्पर्ध्याने विकत घेऊन बंद केला. हा शेवट धडे घोटून घेताना सहसा गाळला जातो.

कॅम्पस कट्टा
पण रेडिओ यात कुठेच कसा नाही?

जुना खिळा
कारण आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं लावता येतं, एवढंच. कम्युनिटी रेडिओलाही तेच. म्हणून आपल्या कन्व्हर्जन्समध्ये आवाज आला तो पॉडकास्टच्या दारातून, उशिरा.

प्रा. मास्तर
वर्गात हे कसं घ्यायचं असं मला बरेचदा विचारतात, म्हणून कृतीच देतो. सॉफ्टवेअर आधी शिकवू नका.

चौघांचा गट, नव्वद मिनिटं, एक घटना. मंडईतला लिलाव, प्रभाग समितीची बैठक, ग्रामसभा, काहीही, फक्त त्यात किमान पाच आकडे हवेत. दहाव्या मिनिटाला ३० शब्दांचा अलर्ट (फोनवर जाणारी झटपट बातमी). पस्तिसाव्याला ४५ सेकंदांचा उभा व्हिडिओ: पाच शॉट, काम करणारे हात, त्या माणसाचा चेहरा, हात-चेहरा एकत्र, खांद्यामागून, आणि एक अनपेक्षित कोन. प्रत्येक शॉट दहा सेकंद हलवायचा नाही, मनात आकडे मोजायचे. पोरं तिसऱ्या सेकंदाला हलतात. पासष्टाव्याला ३०० शब्द वेबसाठी. नव्वदाव्याला छापासाठी दीडशे शब्द आणि फोटोओळ. दीडशे शब्द म्हणजे एका कॉलमात साधारण १६-१८ सेंटिमीटर, टाइप किती पॉइंटचा त्यावर. हा हिशेब फळ्यावर करून दाखवा, वेबवर वाढलेल्यांना जागा संपते हेच नवीन असतं.

मग चारही तुकडे एका भिंतीवर लावायचे आणि दुसऱ्या गटाने फक्त आकडे, नावं, हुद्दे जुळतात का बघायचं. दर तफावतीला दोन गुण वजा. पहिल्या खेपेला बहुतेक गट उणे जातात. व्हिडिओत 'सभापती', छापात 'अध्यक्ष', अलर्टमध्ये आडनाव चुकलेलं. पुढच्या आठवड्यात कामं फिरवायची, नाहीतर ज्याला एडिटिंग येतं तो तीन वर्षं एडिटिंगच करतो.

बाइटवाली
मास्तर, उभा व्हिडिओ वेगळा काढायला लावता की आडव्यातून कापता?

प्रा. मास्तर
फोन एकच असेल तर आडवा, फोर-के. १०८० च्या आडव्यातून उभा कापला तर रुंदी उरते जेमतेम ६०८ पिक्सेल, ताणला की फुटतो. फोर-केमधून १२१५ मिळतात, काम भागतं. मात्र माणूस चित्राच्या मधल्या एक-तृतीयांशात हवा आणि नावाची पट्टी नंतर. फाइल जड होते हे खरं, मिनिटाला पावणेदोनशे ते साडेतीनशे एमबी.

कट टू
नावाच्या पट्टीवरून: प्रीमियरमध्ये (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) मराठी टाकलं आणि वेलांटी पळाली, जोडाक्षरं सुटली तर फॉन्टला शिव्या देऊ नका. प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्समध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन'वर न्या. पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडा.

अवांतर: मिरवणुकीच्या व्हिडिओत डीजेवर सिनेमाचं गाणं असेल तर यूट्यूबचा कॉपीराइटचा हक्कदावा येणारच. बातमी आहे हे यंत्राला कळत नाही. त्या भागाचा आवाज काढून दुसरीकडच्या ढोल-ताशाचा घालू नका, ती फसवणूक. गाणं नसलेला तुकडा वापरा किंवा आवाज उतरवून वर निवेदन द्या.

शेवटचं पान
फोटो राहिला. व्हॉट्सॲपवर एचडी न निवडता फोटो म्हणून आलेल्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास. वर्तमानपत्राला २०० डीपीआय (इंचाला ठिपके) धरलं तर वीस सेंटिमीटरपर्यंत चालून जातो, पण कापाकापीला जागा उरत नाही आणि काढल्याची वेळ वगैरे माहितीही पुसली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. छापासाठी केलेली सीएमवायके (छपाईच्या चार शायांची) प्रत वेबवर टाकू नका, बऱ्याच ठिकाणी रंग भडक दिसतात. उलट वेबची गडद प्रत तशीच छापली तर न्यूजप्रिंट शाई पीत बसतो. चारही रंग मिळून २४० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर मागच्या पानावर डाग.

अॅड_सातारा
एक कायद्याचं, आणि हे नीट वाचा. पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) कलम २३. मुलाचं नाव, पत्ता, फोटो, घरचे, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही नाही. छापात आपण नाव गाळतो आणि सुटलो समजतो. व्हिडिओत शाळेची पाटी, गणवेशाचा रंग, घराचा दरवाजा, आईचा न बदललेला आवाज. चेहरा झाकलेला पण थंबनेल मूळ क्लिपमधून उचललेलं. चारही ठिकाणचं एकत्र ठेवून बघा: पेपरात गाव, वेबवर वय, रीलमध्ये दार. एकेक निरुपद्रवी, मिळून ओळख. म्हणून अशा बातमीला एकच माणूस चारही रूपं पाहील असं नेमा, आणि मूळ क्लिप ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकूच नका.

अण्णा_दादर
हे मात्र महत्त्वाचं लिहिलंत. वाचनखूण साठवली.

(दर्पण १८३२ मध्ये एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी छापत होतं. संपादक बाळशास्त्री जांभेकरांनाही एका पगारात दोन कामं!)

कॅम्पस कट्टा
जुना खिळा काका, ते डोंगल देणार का? आमच्याकडे १९९८ च्या अंकांच्या फायली पडून आहेत.

जुना खिळा
नुसता मजकूर काढायला डोंगल लागत नाही रे. त्या फॉन्टचा कोडतक्ता (कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक) आणि कन्व्हर्टर लागतो. पानाची मांडणी जशीच्या तशी हवी असेल तर लागेल. पण हे पॅरलल पोर्टचं आहे, जुन्या संगणकांनाच ते तोंड असायचं.

कॅम्पस कट्टा
मग ते खोचायला संगणक कुठून आणू?

शेवटचं पान
आमच्या डेस्कच्या माळ्यावर एक आहे. चालतो की नाही माहीत नाही, कबुतराने अंडी घातलीत.