चाळिशीनंतर नर्सिंगला प्रवेश घ्यावा का?

हिशेबनीस

वय ४४. इतकी वर्षं हिशेबाचं काम केलं, आता नर्सिंगचं पूर्ण शिक्षण घ्यायचं ठरवते आहे. तात्पुरता कोर्स नको, नोंदणीकृत नर्स व्हायचंय. घरात दोन तट पडलेत, म्हणून माझं मत इथे मांडते. खोडून काढा किंवा भर घाला.

माझं म्हणणं असं, की वय हा नकाराचा मुद्दाच नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ साली जर्मनीतल्या कायझर्सवर्थला प्रशिक्षणाला गेली तेव्हा ३१ वर्षांची होती, आणि तेही घरच्यांचा वर्षानुवर्षांचा विरोध पचवून. त्या काळच्या हिशेबाने बाईचं शिकायचं वय कधीच उलटून गेलं होतं. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होती, मग रुग्णालयात समाजसेविका झाली. ३३व्या वर्षी तिने वैद्यकीय शिक्षण सुरू केलं आणि १९५७ साली ती डॉक्टर झाली. मरणासन्न रुग्णांच्या वेदना नीट आटोक्यात आणणारं आधुनिक हॉस्पिस तिने १९६७ साली लंडनला उभं केलं. उशिरा शिकली म्हणून तिच्या कामात काही उणं राहिलं का?

मला तीन आक्षेप ऐकवले जातात. या वयात पाठांतर होणार नाही. एका तरुण मुलीची जागा अडेल. आणि सेवाच करायची तर नर्सच्या हाताखालची रुग्णसेविका हो, एवढं शिकायचं कशाला? पहिला मला पटत नाही. दुसरा खरंच टोचतो. तिसऱ्याचा राग येतो.

रात्रपाळी

ताई, कळकळीने लिहिते, कारण मी वॉर्ड इनचार्ज आहे आणि तुमच्यासारख्या बायका उमेदीने येताना बघितल्या आहेत.

उदाहरणं दिलीत तर ती पुरती द्या. सॉन्डर्सने नर्सिंग सोडलं ते पाठीच्या दुखण्यामुळे. नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धाहून परतल्यावर आजारी पडली आणि पुढचं बहुतेक काम तिने घरून, कित्येकदा बिछान्यात पडूनच केलं. तिचं ते काम थोर आहे, पण ते लेखणीचं होतं. पेशंटला उचलण्याचं काम ती तेव्हा करत नव्हती.

तुमच्या तिन्ही आक्षेपांत शरीर कुठेच नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. हलता न येणाऱ्या पेशंटला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून परत खाटेवर. बसायला मिळेल याची खात्री नाही. त्यात नाइट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीला ‘कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या वर्गात टाकलं आणि २०१९ साली तेच मत कायम ठेवलं. म्हणजे नाइट केली की कर्करोग होतो असं नाही, पण शरीर हे फुकट देत नाही एवढं नक्की.

खरा पेच पुढेच आहे. पंचेचाळिशीतल्या माझ्या मैत्रिणी अजून नर्स आहेत, पण त्यातल्या बऱ्याच जणी आता बाह्यरुग्ण विभागात, नाहीतर शिकवण्याच्या किंवा संसर्ग-नियंत्रणाच्या कामात आहेत. ज्येष्ठतेने ते मिळालं. तुम्ही अठ्ठेचाळिशीत रुजू व्हाल तेव्हा वय त्यांचं असेल आणि ड्युट्या बाविशीतल्या मुलीच्या. तुमचा तोटा वयात नाही, वय आणि शून्य ज्येष्ठता या जोडीत आहे.

वर्गशिक्षिका

रात्रपाळीशी निम्मी सहमत. उचलण्याचं काम आता नुसत्या कमरेच्या जोरावर करायचं नसतं. सरकचादर असते, उचलयंत्र असतं, दोघींनी मिळून करायचं असतं. साधनं नसतील तर विशीतल्या मुलीचीही कंबर जाते. पण ज्येष्ठतेचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी खोडणार नाही.

पाठांतराबद्दल बोलते, कारण ते माझ्या रोजच्या बघण्यातलं आहे. मोठ्या विद्यार्थिनी शरीररचनेत सहसा मागे पडत नाहीत. पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारले की जास्त टिकतं, आणि ही सवय एकदा लावली की त्यांना सोडावी लागत नाही. गणित म्हणाल तर १००० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं, सलाईनच्या नळीच्या संचाचे मिलीला २० थेंब, तर मिनिटाला किती? १००० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे जवळपास ४२. हिशेबनीस बाईला हे अवघड जायचं काही कारण नाही.

अवघड जातं ते वेगळंच. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नर्सच्या कौशल्याचे नवशिकी ते निष्णात असे पाच टप्पे मांडले. मोठ्या वयात येणारी बाई आपल्या जुन्या कामात पाचव्या टप्प्यावर असते आणि इथे पहिल्यावर उभी राहते. पंचविशीतली सिस्टर सगळ्यांदेखत ‘हात परत धुवा’ म्हणते. काही जणींना ते सोसत नाही आणि त्या हुशार असूनही सोडून जातात.

आणखी एक. ‘आयुष्याचा अनुभव कामी येतो’ हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. रडणाऱ्या नातेवाइकाशी बोलताना तो येतो, हो. पण औषध देताना योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे प्रत्येक वेळी ताडायचं असतं. ‘मला कळतंय की’ म्हणून त्यातली एक पायरी गाळणारी मुलगी असो की बाई, तिला मी वॉर्डात पाठवत नाही.

बाकावरची

मी विद्यार्थिनी आहे, वय २०. आमच्या वर्गात एक बाई चाळिशीच्या आहेत. कुणी लिहीत नाही ते लिहिते.

पेशंटचे नातेवाईक थेट त्यांच्याकडे जातात. केस पांढरे म्हणजे मोठ्या सिस्टर, असं समजून डोस विचारतात, घरी कधी सोडणार विचारतात. सुरुवातीला त्या उत्तरं द्यायच्या. चुकीची नसायची, पण ती द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. आता त्या ठामपणे सांगतात, ‘मी विद्यार्थिनी आहे, सिस्टरांना बोलावते.’ हे म्हणायला त्यांना किती जड गेलं ते मी बघितलंय.

आणि कृपा करून आमची आई होऊ नका. गटात काम वाटून घेताना त्या आमचंही करून टाकायच्या. आम्हाला बरं वाटायचं, पण आम्ही शिकायचं कधी?

जागेचा प्रश्न

माझं मत कुणाला आवडणार नाही, तरी लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार २०२३ साली जगात २ कोटी ९८ लाख नर्स होत्या आणि तरीही ५८ लाखांची तूट होती. म्हणजे प्रशिक्षणाची प्रत्येक जागा मोलाची आहे. विशीतली मुलगी ३५ वर्षं सेवा देईल, हिशेबनीसबाई फार तर १५. शिक्षण सरकारी पैशातून होत असेल तर हा विचार करायला नको का? कुणाच्या स्वप्नाचा अपमान करायचा नाही. पण रांगेत मागे कोण उभी आहे तेही बघावं.

वॉर्डातला

तीव्र असहमत. मी पुरुष नर्स आहे, मीही पस्तिशीनंतर शिकलो.

तुम्ही निवृत्तीपर्यंतची वर्षं मोजताय. मोजायची तर प्रत्यक्ष खाटेपाशी काढलेली वर्षं मोजा. माझ्या तुकडीतले कितीतरी तरुण कामाच्या ताणाने पहिल्या काही वर्षांतच बाहेर पडले. त्यांना मी दोष देत नाही, पण त्यांची ३५ वर्षं कागदावरच राहिली. मोठ्या वयात येणारा बहुधा आधीचं काहीतरी सोडून येतो. तो सहजासहजी जात नाही.

शिवाय १५ वर्षं कमी कशी? लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ सालचा अमेरिकेतला अभ्यास शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटांचा होता. तिथे नर्समागे एकेक पेशंट वाढला, की ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आज रात्री वॉर्डात एक नर्स कमी असेल, तर येणारीचं वय त्या पेशंटला विचारा.

जागेचा प्रश्न

त्या अभ्यासावरून नर्स वाढवायला हव्यात हे सिद्ध होतं, त्या कुठल्या वयाच्या असाव्यात हे नाही. तरुण टिकत नसतील तर कामाची परिस्थिती सुधारा. ती न सुधारता जास्त सोसणारी माणसं आणून बसवायची, हे मला योग्य वाटत नाही.

वॉर्डातला

परिस्थिती सुधारायला हवी हे मान्य. पण ती सुधारेपर्यंत मोठ्या माणसांना दार बंद ठेवायचं, हे मान्य नाही.

हिशेबनीस

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

रात्रपाळी, सॉन्डर्सची पाठ मला ठाऊक होती. तिने नर्सिंगला प्रवेश घेतला १९४० साली, बाविसाव्या वर्षी. म्हणजे तिची पाठ गेली ती ऐन तारुण्यात. तुमचाच मुद्दा उलटवायचा तर शरीराची हमी विशीतही नसते. आणि पाठ गेल्यावरही तिने रुग्णालय सोडलं नाही, त्यातली दुसरी जागा शोधली. मला ती प्रिय आहे ती त्यासाठी. ज्येष्ठतेच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ते गृहीत धरूनच उतरावं लागेल.

रुग्णसेविकेचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. पण पेशंटचा श्वास कालपेक्षा वेगळा का वाटतो हे ओळखायचं, नोंदवायचं, डॉक्टरला उठवायचं आणि त्याची जबाबदारी सही करून घ्यायची, हे मला हवंय. ‘सेवेची आवड’ म्हटलं की लोक आशीर्वाद देतात. ‘जबाबदारी हवी’ म्हटलं की वय विचारतात.

बाकावरची, तुझं ‘आमची आई होऊ नका’ हे जास्त लागलं. लक्षात ठेवीन.

रात्रपाळी

माझं मत बदललेलं नाही. उमेद खरी आहे, पण तुम्हाला पहिली पाच वर्षं ज्या ड्युट्या लागतील त्यांचा अंदाज तुम्हाला आलेला नाही. फी भरायच्या आधी रुग्णालयाची रीतसर परवानगी काढून एक पूर्ण नाइट वॉर्डात थांबा, आणि दुसऱ्या दिवशी झोप झाल्यावर ठरवा. घरातल्यांनाही विचारा, पण ‘जाऊ का’ असं नको. ‘सणावाराला, आजारपणात, मी ड्युटीवर असताना घर कोण बघणार’ असं विचारा. तिथे गप्प बसले तर प्रवेश घेऊ नका.

वर्गशिक्षिका

नाइटचा सल्ला उत्तम. त्यासोबत एक करा. काही ठिकाणी प्रवेशाला वयाची अट असते, ती आधी तपासा, नाहीतर ही सगळी चर्चा व्यर्थ. अट आड येत नसेल तर हिपॅटायटिस बीची लस आजच सुरू करा. नेहमीच्या क्रमाने पहिला डोस, एका महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. मोठ्या वयात लशीला प्रतिसाद कमी मिळू शकतो, म्हणून तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून घ्या. प्रतिसाद कमी दिसला तर पुन्हा डोस घ्यायला वेळ हाताशी राहील.