मावळ गोळीबार: रस्ता अडवला म्हणून गोळी?

पवनाकाठ
पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या जलवाहिनीच्या धाग्यावर काल 'निगडीकर' यांनी लिहिलं: "तीन जणांच्या मरणाचं भांडवल करून बारा वर्षं एक अख्खं शहर तहानलेलं ठेवलं. द्रुतगती मार्ग अडवून दगडफेक केली तर पोलीस काय हार घालणार? रस्ता मोकळा करणं त्यांचं कामच होतं." खाली वाहवा करणारेही बरेच. तिथे पाण्याचा विषय चालू आहे, म्हणून उत्तर वेगळ्या धाग्यात देतोय.

९ ऑगस्ट २०११ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊरजवळ जमलेले लोक कुठून आभाळातून पडले नव्हते. पवना धरणातून थेट निगडीपर्यंत बंद नळ टाकायचा ठरला, आणि नदीकाठच्या गावांना कोणी विचारलंच नाही. धरणात जमिनी गेलेल्या आठशेहून जास्त खातेदारांचं पुनर्वसन तेव्हाही झालेलं नव्हतं. धरण सत्तरच्या दशकातलं! आजोबांची जमीन बुडाली, नातू अजून सातबारा घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढतोय. अशा माणसाला 'आता नदीही नळात घालतो' म्हटल्यावर तो रस्त्यावर येणार नाही तर कुठे जाणार?

माझे चुलते त्या दिवशी तिथे होते. दगड फेकले गेले, पोलीस जखमी झाले, हे ते कधीच नाकारत नाहीत. पण चॅनलांवर सगळ्या महाराष्ट्राने जे पाहिलं, त्यात उभ्या गाड्यांच्या काचा फोडणारे पोलीसही होते. तीन माणसं गेली, त्यात एक बाई. दगडाला गोळी हे उत्तर असेल, तर अश्रुधूर, लाठी, पाण्याचा मारा हे सगळं कशासाठी ठेवलंय?

आणि 'भांडवल' कोणी केलं म्हणाल तर ते पुढाऱ्यांनी. घरच्यांनी नाही.

निगडीकर
माझं अर्धंच वाक्य उचललंत, बाकीचं सोयीस्कर सोडलंत. तीन मृत्यू दुःखद आहेत हे मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. माझा मुद्दा त्यानंतरचा. जलवाहिनीच्या कामाला स्थगिती २०११ला आली, ती २०२३मध्ये उठली. दरम्यान आमच्याकडे नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स निम्मा टँकरवाल्याच्या खिशात जातो. माझी आई सत्तरीची आहे. ज्या रात्री टँकर येत नाही, तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बादल्या उचलायच्या का? गोळीबाराची चौकशी करा, दोषी असेल त्याला शिक्षा करा, पण त्याची शिक्षा आम्हाला का?

द्रुतगती
त्या दिवशी मी त्या कोंडीत होतो. वडिलांना घेऊन मुंबईला निघालो होतो, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया ठरली होती. ऊन-पावसात गाडी तासन्‌तास उभी, वडील मागच्या सीटवर कण्हत होते. मला कोणाच्या पुनर्वसनाशी देणंघेणं नव्हतं त्या क्षणी, आणि ते खोटं सांगण्यात अर्थ नाही. रस्ता अडवणाऱ्यांना वाटतं की आपण सरकारला अडवतोय. सरकार त्या रस्त्यावर नसतंच. तिथे माझ्यासारखे असतात.

तरीही गोळी घाला असं मी म्हटलं नसतं. पण उचलून गाडीत घाला, हे नक्की म्हटलं असतं.

घाटकोपर_पूर्व
'रस्ता अडवला म्हणून' हे कारण आम्ही आधीच ऐकलंय. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला पहाटे चपलांची माळ घातलेली सापडली, लोक पूर्व द्रुतगती मार्गावर आले, आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं गेली. आधी सांगितलं की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. गुंडेवार आयोगाने ते कारण मान्य केलं नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला. मग खटला उभा राहायला, निकाल लागायला २००९ उजाडलं. तुकडीचे प्रमुख फौजदार मनोहर कदम यांना जन्मठेप झाली, मग उच्च न्यायालयाकडून शिक्षेला स्थगिती आणि जामीन. शाहीर विलास घोगरेंनी चार दिवसांत स्वतःला संपवलं. हे सगळं जगलेल्या माणसाला 'पोलिसांचं काम होतं' हे वाक्य वाचताना काय होतं, ते सांगायला शब्द पुरत नाहीत.

तेव्हा सत्तेत युती होती आणि काँग्रेसवाले वस्तीत येऊन रडत होते. मावळात काँग्रेस-राष्ट्रवादी सत्तेत, आणि युतीवाले रडत होते. माणसं तीच, खुर्च्या बदललेल्या.

खाकीतला_पोरगा
वडील राज्य राखीव दलात होते, निवृत्त होईपर्यंत. कोणी तरी आमची बाजू पण मांडायला हवी म्हणून लिहितो. बंदोबस्ताला निघालेला शिपाई पहाटे चारला उठतो. डब्यात काय आहे तेही त्याला माहीत नसतं. समोर दोन-तीन हजार माणसं, पाठीमागे साहेब. डोक्याला दगड लागला की हेल्मेटच्या आतून रक्त डोळ्यात उतरतं, माझ्या वडिलांच्या भुवईवर ती खूण मरेपर्यंत होती. त्यांच्यावर दगड मारणाऱ्याचं नाव कोणत्याही आयोगाने शोधलं नाही.

घाटकोपर_पूर्व यांनी जे लिहिलं त्यातच माझा मुद्दा आहे. दहा जीव गेले आणि शिक्षा झाली एका फौजदाराला. त्याच्या वर किती पदं असतात? उपायुक्त, अपर आयुक्त, आयुक्त, गृहखातं. वायरलेसवर वरून काय बोललं गेलं, ते कधी तरी कोणी ऐकलं का? 'पोलिसांनी मारलं' म्हणताना शिपायाकडे बोट दाखवणं सोपं असतं.

पवनाकाठ
खाकीतला_पोरगा, शिपायाकडे बोट मी दाखवलेलंच नाही. मावळात गोळ्या शिपायांनीच झाडल्या असंही म्हटलं जात नाही. हुकूम कोणाचा, हेच तर आम्ही विचारतोय.

कलम_१२९
वकील म्हणून दोन गोष्टी, मग तुमचं चालू द्या. जमाव पांगवण्याचा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२९ ते १३१ या कलमांत होता, आता तो नव्या नागरी सुरक्षा संहितेत आला आहे. त्यात उद्देश 'पांगवणे' हा आहे. पळणाऱ्याला पांगवायची गरज उरत नाही. सगळ्या वादाचं मूळ या एका प्रश्नात आहे: गोळी लागली तेव्हा माणसाचं तोंड कुठे होतं?

दुसरं, १३२ कलमामुळे शासनाच्या मंजुरीशिवाय पोलिसावर खटला चालत नव्हता. म्हणजे ज्या सरकारच्या काळात गोळी सुटली, त्याच सरकारकडे परवानगी मागायची. आणि आयोगाचं म्हणाल तर १९५२च्या कायद्याखालच्या आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. मावळासाठी निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा आयोग नेमला. आयोग नेमला की विधानसभेतला आवाज बसतो. माझ्या व्यवसायात आम्ही हे उघड बोलतो.

भातखाचर
निगडीकर, तुमच्या टँकरचं ऐकलं. आता आमचं ऐका. नदीत पाणी सोडतात म्हणून आमच्या मोटरी चालतात. बंधाऱ्यात पाणी राहतं म्हणून उन्हाळ्यात ऊस, भाजीपाला, पॉलिहाऊसातले गुलाब. तुम्ही खाता तो इंद्रायणी तांदूळ वडगावच्या संशोधन केंद्रातून निघाला, तो आमच्याच खाचरात पिकतो. पाणी नळातून गेलं की फेब्रुवारीनंतर नदीत काय राहणार, गोटे? 'तुमचा वाटा राखून ठेवू' असं सांगतात. धरण बांधतानाही असंच सांगितलं होतं.

निगडीकर
हेच ते. उघड्या नदीतून येताना पाणी चोरीला जातं, बाष्पीभवन होतं, वाटेतल्या गावांचं आणि रिसॉर्टांचं सांडपाणी त्यात मिसळतं. ते आम्ही रावेतला उचलतो, निगडीला शुद्ध करतो आणि पितो. नदीवर फेस आलेला फोटो दर महिन्याला पेपरात येतो. ते पाणी तुम्ही तुमच्या लेकराला द्याल?

थेरगाव_घाट
फेसाचं तरी चुकीचं सांगू नका. फेस दिसतो तो थेरगावला, केजुदेवी बंधाऱ्यापाशी. तो रावेतच्या खाली आहे. तुमचं पाणी त्याच्या वर उचललं जातं. फेस मावळातून येत नाही, तो आपल्याच शहराच्या नाल्यांचा आहे. मी घाटावर राहतो, वास घेऊन जेवतो. आपण नदी घाण करायची आणि मग स्वच्छ पाणी हवं म्हणून वरून नळ टाकायचा, हे मला शहराचा माणूस असूनही पटत नाही.

निगडीकर
बरं, फेसाचा मुद्दा सोडतो. वरचं सांडपाणी मात्र खरं आहे, ते सोडणार नाही.

सोसायटी_चेअरमन
आंद्रा धरणाचं पाणी चिखलीला आलं, भामा-आसखेड धरणाचं येतंय. आंद्राचे रोज १०० दशलक्ष लिटर, आसखेडचे १६७. तिथे गोळी नाही चालली, तरी वर्षानुवर्षं लागलीच. तेव्हा 'मावळामुळे' सगळं अडलं हे मला पटत नाही. बांधकाम परवानग्या कोणी दिल्या? पाणी नाही हे माहीत असताना पुनावळे-ताथवड्यात वीस-वीस मजले कोणी चढवू दिले? आमच्या बिल्डरने महापालिकेचं पाणी मिळणार म्हणून पैसे घेतले आणि कागदावर 'उपलब्धतेनुसार' लिहून ठेवलं.

द्रुतगती
बिल्डरांवर वेगळा धागा काढा, मी पहिला येतो तिथे.

वडगावचा_वारस
पाण्यावरून भांडा खुशाल, पण राजकारणाचं कोणी बोलत का नाही? २०११ला मोर्च्यात झेंडे कोणाचे होते? भाजपचे, शिवसेनेचे, किसान संघाचे. पालकमंत्री अजितदादा, त्यांचे पुतळे जाळले. ऑक्टोबर २०२१ला लखीमपूरच्या शेतकऱ्यांसाठी महाविकास आघाडीने बंद पुकारला, तेव्हा फडणवीसांनी याच मावळाची आठवण काढली, जालियनवाला म्हणून. शरद पवारसाहेब म्हणाले, मावळात पुढारी दोषी नव्हते, पोलीस होते, आणि मावळच्या लोकांनी आमचाच आमदार निवडून दिला. खरं आहे, २०१९ला राष्ट्रवादीचे सुनील शेळके नव्वद हजारांहून जास्त मतांनी आले. पण त्याच वर्षी लोकसभेला अजितदादांचे चिरंजीव पार्थ पवार दोन लाखांवर मतांनी पडले, हे ते बोलले नाहीत. आणि मग २०२३ला, अजितदादा भाजप-शिंदे सरकारात गेल्यावर दोनच महिन्यांत स्थगिती उठली. ज्यांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला होता, त्यांच्याच सरकारात.

निवडून दिलं म्हणजे गोळी माफ केली, हे कोणी ठरवलं? मत रस्त्यासाठी दिलं असेल, दवाखान्यासाठी दिलं असेल.

खाकीतला_पोरगा
हे शेवटचं वाक्य मान्य. पण पवारांच्या बोलण्यात काय झालं ते बघा: 'पोलीस दोषी'. परत आम्हीच. पालकमंत्र्याला विचारल्याशिवाय पुण्यात द्रुतगती मार्गावरचा बंदोबस्त ठरतो, असं कोणाला वाटतं का?

कलम_१२९
तुमचा राग समजतो, पण पुराव्याशिवाय मंत्र्याचा हुकूम गृहीत धरता येणार नाही. गोळीबाराचा निर्णय घटनास्थळावरच्या अधिकाऱ्याचाच असतो, कायद्यात तसंच आहे. वरून आलेला तोंडी शब्द कागदावर येत नाही, हे तुमचं म्हणणं मात्र मी खोडू शकत नाही.

घाटकोपर_पूर्व
धागा गोळीबाराचा होता. निम्म्याहून जास्त प्रतिसाद पाण्यावर आहेत. मी तेवढंच नोंदवतो. आमच्या वस्तीतही असंच झालं. आठवड्याभराने पेपरात चर्चा होती ती पुतळा कोणी विटंबला, टँकर खरंच तिथे होते का, हायवे किती तास बंद होता, याची. मेलेल्यांपैकी कोण रस्त्यावर नव्हतंच, कोण आपल्या गल्लीत उभं होतं, हे आम्ही सांगत राहिलो.

निगडीकर
मी रात्रभर विचार करून लिहितोय. गोळी चालवायला नको होती. हे मी कुठल्याही अटीशिवाय लिहितो, 'पण' न लावता. जलवाहिनी झाली पाहिजे, हेही तितकंच ठाम. दोन्ही वाक्यं माझी आहेत आणि मी एकासाठी दुसरं मागे घेणार नाही.

भातखाचर
मग पहिलं वाक्य आमच्या गावात येऊन मोठ्याने म्हणा. बारा वर्षांत शहराच्या एकाही माणसाने ते म्हटलेलं नाही. दुसऱ्यावरून आपण पारावर बसून भांडू, चहा माझ्याकडून. आधी धरणग्रस्तांच्या जमिनीचं काय ते सांगा, मगच नळाचं.

निगडीकर
येतो. वार कळवा. जमिनीचं मात्र मी काय सांगणार, ते सरकारचं काम आहे.

भातखाचर
तेच आम्ही द्रुतगती मार्गावर जाऊन सांगत होतो.