पोरांना जीकेची उत्तरं तोंडपाठ, प्रश्नच कळत नाहीत. काय करू?

अकोलेकर_बाई

नमस्कार. आधीच सांगते, अकोला नव्हे, अकोले. कळसूबाईचा तालुका. दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा आहे, माझ्याकडे तिसरी-चौथी मिळून १८ मुलं.

पुढच्या महिन्यात केंद्रावर सामान्यज्ञान स्पर्धा आहे. विषय वाहतूक, संदेशवहन आणि अंतराळ. कुठूनशी झेरॉक्स केलेली प्रश्नावली हातात आलीय, ती रोज परिपाठानंतर घेते. मुलं घडाघडा म्हणतात. मीही खूश होते, मंगळवारपर्यंत.

मंगळवारी विचारलं, भारतातली पहिली रेल्वे कुठून कुठे धावली? अठरा जण एका सुरात, "बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३!" सहज म्हटलं, बोरीबंदर म्हणजे काय असेल रे? चिडीचूप. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "बाई, बोरीचं झाड असंल तिथं." आमच्या तालुक्यात रूळच नाहीत. आगगाडी पाहिलेली चार मुलं निघाली, त्यातल्या दोघांनी घोटीच्या फाटकाशी थांबून पाहिलेली.

पुढचा प्रश्न, तातडीचा निरोप पाठवण्याचं जुनं साधन? "तार!" तार म्हणजे काय? एकाने शाळेच्या कुंपणाकडे बोट केलं, दुसरीने विजेच्या खांबाकडे. त्यांचं तरी काय चुकलं? तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा यातलं एकही पोर जन्मलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी स्वतः कधी तार केलेली नाही.

राकेश शर्मा कुठे गेले होते? "चंद्रावर!"

वर प्रश्नावलीत ग्रह नऊच आहेत. गेल्या वर्षी एका स्पर्धेत माझ्या वर्गातल्या मुलीने आठ लिहिलं तर गुण कापला. विचारायला गेले तर म्हणे, उत्तरसूचीत नऊ आहे. ती मुलगी आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही, कारण आठ मीच शिकवलं होतं.

पाठांतराला पर्याय सुचवा. फक्त 'व्हिडिओ दाखवा' म्हणू नका. शाळेत रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय येत नाही.

चष्मा_शोधतोय

बाई, 'पहिली रेल्वे' नको, 'पहिली प्रवासी रेल्वे' शिकवा. त्याआधी १८५१ मध्ये रुडकीला गंगेच्या कालव्याच्या कामावर माती वाहायला वाफेचं इंजिन चाललं होतं. कुणीतरी आडवा प्रश्न टाकतोच.

बोरीबंदर म्हणजे आजच्या सीएसएमटीची जागा. ती प्रसिद्ध इमारत मात्र नंतरची. गाडीला १४ डबे, आत चारेकशे पाहुणे, अंतर ३४ किलोमीटर आणि ओढायला तीन इंजिनं : साहिब, सिंध, सुलतान. ही तीन नावं सांगा. बैलांना नावं असतात तशी इंजिनांना होती म्हटल्यावर पोरं विसरत नाहीत, माझा नातू अजून विसरलेला नाही.

आणि रूळ नसले तर बिघडलं कुठे? पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून निघाली ती अहमदनगरला आली, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यात. लाकडी बॉडीची गाडी होती. लाल परीतून तर सगळीच बसली असतील.

निवृत्त_सॉर्टर

बाई, तुमचं 'अकोला नव्हे, अकोले' वाचलं आणि हसू आलं. माझी अर्धी नोकरी त्या एका मात्रेत गेली.

मी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपालसेवेत, सॉर्टर होतो. रेल्वेच्या टपालडब्यात रात्रभर उभं राहून पत्रं लावायची. समोर भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खण एका ठिकाणाचा. डबा हलतोय, दिवा मिणमिणतोय, आणि हातातल्या कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं 'अकोला'. हा वऱ्हाडातला अकोला की तुमचं अकोले? इंग्रजीत पुष्कळ लोक दोन्ही एकसारखंच लिहीत. खाली जिल्हा लिहिलेला नसला की अंदाजपंचे. चुकलं तर ते कार्ड विदर्भ पाहून आठवड्याने परत. वडगावांची तर गणतीच नको.

हा घोळ निस्तरला पिनकोडने. १५ ऑगस्ट १९७२ पासून. तो बसवणारा माणूस मराठी, श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे मोठे पंडित. हे नाव तुमच्या प्रश्नावलीत नसणार, पैज लावतो.

आता तुमचाच पिन घ्या, फळ्यावर लिहा. पहिला आकडा ४, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा सगळा पट्टा. पहिले तीन मिळून ४२२, आणि इथे गंमत आहे. ४२२ नाशिकचा. तुमचा जिल्हा नगरचा, आता अहिल्यानगर, पण टपालाला कलेक्टर कचेरीशी काय देणंघेणं? थैली ज्या बाजूने सोयीची तो आकडा. शेवटचे तीन म्हणजे तुमचं पोस्ट ऑफिस. वऱ्हाडातल्या अकोल्याचा पिन ४४४ ने सुरू होतो. संपला घोळ. नऊने सुरू होणारा पिन दिसला तर समजायचं पत्र फौजेत चाललंय. गावातला कुणी सैन्यात असेल तर त्याचा पत्ता मुलांना दाखवा.

माझं ऐकाल तर अठरा पोस्टकार्डं आणा. पन्नास पैशांना एक, नऊ रुपयांत वर्गाचं काम होतं. प्रत्येकाने स्वतःलाच पत्र लिहायचं, शाळेच्या पत्त्यावर. पेटीत टाकायला सगळ्यांना घेऊन जा. मग वाट बघू द्या. संदेशवहन काय ते आपोआप कळेल.

एक सूचना. पिन इंग्रजी आकड्यांत लिहायला सांगा. घाईघाईने काढलेला मराठी चार इंग्रजी आठासारखा दिसतो. या एका आकड्यापायी मी किती पत्रं बिहारच्या खणातून परत काढली असतील, विचारू नका.

तारेचं मी सांगायला नको, ते खातं वेगळं. पण घरी तार आली की वाचायच्या आधीच बायका रडायला लागत. चांगली बातमी पत्राने यायची, वाईट तारेने. मुलांना एवढं सांगितलं तरी कुंपणाची तार डोक्यातून जाईल.

काळोख_हवा

अंतराळाचं माझ्याकडे द्या. आम्ही शहरातली माणसं तारे बघायला पेट्रोल जाळून तुमच्या भंडारदऱ्याला येतो, आणि तुमची शाळा तिथेच आहे!

राकेश शर्मा चंद्रावर गेले नव्हते. ३ एप्रिल १९८४ ला ते सोयूझ टी-११ यानातून निघाले आणि सॅल्यूट-७ या सोव्हिएत स्थानकात राहिले. आठवडाभर पृथ्वीभोवतीच फिरत होते. त्यांच्यानंतर ४१ वर्षांनी, जून २०२५ मध्ये, शुभांशु शुक्ला गेले ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात. चंद्रावर आपलं चांद्रयान-३ उतरलं, २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी, आत माणूस नव्हता. मुलांची गल्लत होते कारण 'वर गेले' म्हणजे किती वर, हे कुणी सांगतच नाही.

असं सांगा. समृद्धीने नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. अंतराळ स्थानक आपल्यापासून साधारण ४०० किलोमीटर, म्हणजे नागपूरच्या निम्म्या वाटेहून थोडं पुढे, फक्त सरळ वर. चंद्र तीन लाख ८४ हजार किलोमीटर. आता विचारा, शर्मा कुठपर्यंत गेले होते?

आणि ते स्थानक दिसतं बरं का, दुर्बीण लागत नाही. सूर्य मावळल्यावर तास-दीड तासात किंवा पहाटे, पश्चिमेकडून एक टपोरा ठिपका निघतो. विमानासारखा लुकलुकत नाही, आवाज नाही, चार-पाच मिनिटांत आभाळ ओलांडतो आणि कधीकधी मध्येच विझतो. विझत नाही खरं तर, पृथ्वीच्या सावलीत शिरतो. दीड तासात पृथ्वीला एक फेरी. तुमच्या गावावरून कधी जाणार ते नासाच्या 'स्पॉट द स्टेशन'वर मिळतं. त्यासाठी एकदा टाकीवर चढा.

सहल जमली तर नारायणगावजवळ खोडदला न्या. तिथे आणि आसपासच्या परिसरात मिळून रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत, जाळीच्या. त्या दाखवत काही नाहीत, फक्त ऐकतात. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या क्षीण असतात की जवळच्या मोबाईलचा त्यांच्यापुढे गोंगाट होतो, म्हणून तिथे फोन बंद करायला लावतात. रेंज नसलेल्या शाळेला हे फार आवडेल.

प्लूटोला २००६ मध्येच ग्रहांतून काढलं. तुमच्या मुलीचा गुण बुडाला हे वाईट झालं. तिला माझ्यातर्फे सांगा, ती बरोबर होती.

अकोलेकर_बाई

उशिरा लिहितेय, माफ करा. मध्ये निवडणुकीचं काम लागलं.

काकांचं ऐकलं. कार्डं मिळायला दोन हेलपाटे पडले, पोस्टात शिल्लकच नव्हती. मुलांनी लिहिलं काय, तर "प्रिय मी, तू कसा आहेस? मी मजेत आहे." एकीने लिहिलं, "शेळीला दोन पिल्लं झाली", कारण पत्र पोचेपर्यंत ती विसरेल अशी तिला भीती. पाचव्या दिवशी पोस्टमनदादा आले तेव्हा वर्ग अक्षरशः बाहेर धावला. शिक्का बघायला झुंबड. कार्ड इथून सरळ इथे आलं नाही, आधी दुसरीकडे जाऊन आलं, हे त्यांनी शिक्क्यांवरूनच ओळखलं.

स्थानकही पाहिलं. शनिवारी संध्याकाळी मैदानात, पालकांसह. एक आजोबा म्हणाले, "यात माणसं हायेत व्हय?" आणि हात केला. मग सगळ्यांनीच केला.

पण काका, अठरापैकी सतराच कार्डं आली. उरलेल्याने पिन मराठीत लिहिला होता, तुम्ही बजावूनही. माझ्या नजरेतून सुटलं.

निवृत्त_सॉर्टर

४२२ चं ८२२ झालं असणार. पलामू जिल्हा, डाल्टनगंज, झारखंड. खाली महाराष्ट्र लिहिलंय ना? मग कुणीतरी शहाणा सॉर्टर वळवून लावेल.

अकोलेकर_बाई

लिहिलंय. त्याने नकाशात डाल्टनगंज शोधून पेन्सिलीने गोल केलाय आणि सगळ्या वर्गाला सांगत सुटलाय की माझं कार्ड सगळ्यात लांब गेलं. तिथून परत यायला किती दिवस लागतील, असं विचारतोय.