'रिकॉनिसन्स'चे तुकडे पाडायचे कुठे?

कानामात्रा : शत्रूच्या टेहळणीसाठी सैन्यात 'रिकॉनिसन्स' हा इंग्रजी शब्द आहे. स्पेलिंग १४ अक्षरांचं. मुलं ते बघतात आणि 'रेकोनाइसान्स' म्हणून मोकळी होतात. माझं म्हणणं, शब्दकोशात टिंबं देऊन पाडलेले तुकडे सरळ पाठ करून घ्या : आरई, सीओएन, एनएआयएस, एसएएनसीई. सिलॅबल, म्हणजे बोलताना एका झटक्यात उच्चारले जाणारे भाग, चार, तुकडेही चार. स्पेलिंग पक्कं होतं आणि उच्चारही सुटतो.

खवट बदाम : साफ असहमत. स्पेलिंगपुरतं ठीक, पण हेच तुकडे वाचायला लावा, 'री-कॉन-नैस-सान्स' ऐकू येईल. 'एन' कागदावर दोन, तोंडात 'न' एकच. जोड 'एस'चंही तेच. ती टिंबं ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा ते दाखवतात. उच्चार शेजारी वेगळा दिलेला असतो, तो कुणी बघत नाही. 'एनएआयएस' एवढं मोठं लिहितात, त्याचा बोलताना जेमतेम 'नि' उरतो. कारण आघात, म्हणजे बोलतानाचा जोर, दुसऱ्या सिलॅबलवर आहे, 'कॉ'वर. तो नीट दिला की पुढचे स्वर आपोआप दबतात. आपण मराठीच्या सवयीने सगळ्यांना सारखंच वजन देतो, घोळ तिथे आहे.

कानामात्रा : मग तुमचा तो एकुलता 'न' कुणाचा? कॉ-नि की कॉन्-इ?

खवट बदाम : त्यावर कोशकारांचंच एकमत नाही! काही जण व्यंजन पुढच्या स्वराला देतात. काहींच्या मते आघात असलेला हा आखूड 'ऑ' उघडा, म्हणजे मागे व्यंजन न जोडता, राहूच शकत नाही, म्हणून कॉन्-इ. जॉन वेल्स यांचा लाँगमन उच्चारकोश या दुसऱ्या गटातला. ऐकणाऱ्याला काडीचा फरक पडत नाही.

तिसरी घंटा : खवट बदाम यांना +१. याचंच क्रियापद घ्या, 'रेकनॉयटर'. आघात उडी मारून 'नॉय'वर गेला, 'रि'चा 'रे' झाला. पाठ केलेले तुकडे इथे काय कामाचे? आणि 'कर्नल'? स्पेलिंग सीओएलओएनईएल. टिंबांप्रमाणे तुकडे तीन, बोलायला सिलॅबल दोन, आणि ज्या 'र'वर सगळा डोलारा उभा तो स्पेलिंगमध्ये औषधालाही नाही.

कानामात्रा : कर्नल अपवाद आहे हो. अपवाद धरून शिकवणी चालत नाही. 'काउंटरइन्सर्जन्सी' (बंडखोरांविरुद्धची मोहीम) बघा. कागदावर सहा, तोंडातही सहा.

तिसरी घंटा : संख्या जुळते, जोड जुळत नाही. ब्रिटिश माणूस नुसतं 'काउंटर' म्हणताना शेवटचा 'र' गिळतो. पुढे 'इन' आलं की तो 'र' परत येऊन त्यालाच चिकटतो, 'काउन-ट-रिन'. मधे थांबून 'काउंटर... इन्सर्जन्सी' म्हटलंत की पुस्तक वाचताय हे लगेच कळतं.

खवट बदाम : सैन्यांनी तरी एवढा कुटाणा कुठे केलाय? ब्रिटिशांनी 'रेकी' केलं, अमेरिकनांनी 'रीकॉन'.

कानामात्रा : उत्तरपत्रिकेत 'रेकी' लिहून स्पेलिंगचे मार्क कोण देणार, तुम्ही? मी तुकडेच पाठ करून घेणार. फार तर 'कॉ'खाली रेघ मारायला सांगेन.