मदत हवी आहे: चौपाखी कौलारू घराला दोन खोल्या वाढवायच्या आहेत, मागचा डोंगर कापावा का?

ओटीवरून

नमस्कार. घर सावंतवाडी तालुक्यात आहे. जांभ्याच्या भिंती, मातीत बांधकाम, वर मंगळुरी कौलं, छप्पर चौपाखी. दोन खोल्या (अंदाजे १० × १२ फूट) आणि एक न्हाणी-संडास वाढवायचा आहे. आजूबाजूची मापं अशी:

पूर्वेला ओटी आणि खळं. पश्चिमेला, म्हणजे घराच्या पाठीमागे, ८ फूट सपाट जागा. त्यानंतर चढ, दर दोन फुटांना एक फूट. दक्षिणेला भिंतीपासून १४ फुटांवर मोठा फणस. आग्नेयेला विहीर. उत्तरेला घराची बाजू मोकळी आहे आणि जमीन ३५ फुटांत साधारण ४ फूट उतरते. वळचण (छपराची खालची कड) जमिनीपासून नव्हे, आतल्या तळापासून ७ फूट (मागे) आणि साडेसात फूट (बाकी तिन्ही बाजूंनी).

ठेकेदाराचं म्हणणं असं: मागचा चढ जेसीबीने कापायचा, पाखं (छपराची उतरती बाजू) खाली ओढून त्याच्याखाली दोन्ही खोल्या बसवायच्या. छप्पर वेगळं करावं लागत नाही म्हणून खर्च कमी. प्रश्न तीन आहेत.

१. हे पाखं ओढून जमेल का?
२. चढ कापणं सुरक्षित आहे का?
३. मागच्या भिंतीला आताच तीन फुटांपर्यंत ओल आहे. बाहेरून सिमेंटचा गिलावा करूनही ती वाढतेच आहे. नवीन बांधकामात तिचं काय करायचं?

पागोळी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गणितातच आहे. मंगळुरी कौलाला उतार फुटाला ६ इंचांपेक्षा कमी देऊ नये आणि आपल्या पावसात ७ इंच बरा. तुमची मागची वळचण ७ फुटांवर आहे. १० फूट खोली आणि तिच्या पुढे २ फूट वळचण धरली तर पाखं १२ फूट बाहेर जातं. फुटाला ६ इंच म्हणजे ते ६ फूट खाली येणार. वळचण तळापासून १ फुटावर! भिंतीच्या रेषेतही उंची जेमतेम २ फूट.

ठेकेदार यावर एकच उपाय करेल: उतार कमी करेल, फुटाला ३ इंच. मग झड आली की पाणी कौलाच्या खाचेतून वर चढून रिपांवर (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांवर) उतरतं. जूनमध्ये पत्ता लागत नाही, जुलैत वासे काळे पडायला लागतात. उतार मोडतो त्या जागी वरची आणि खालची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, तिथे पत्रा घालावा लागतो आणि गळती बहुधा तिथूनच सुरू होते. पाखं ओढून ५-६ फुटांची पडवी होते, राहती खोली होत नाही. कोकणात मागची पडवी अरुंद असते त्याचं कारण हेच.

गडगा

चढाबद्दल. खोलीची लांब बाजू चढाकडे, म्हणजे १२ फूट, मग भिंत, आणि भिंतीमागे पाण्याला व माणसाला जायला किमान ४ फूट धरले तर १७-१८ फूट लागतात. तुमच्याकडे ८ आहेत. म्हणजे चढात साडेनऊ फूट शिरायचं, आणि १:२ चढ असल्याने शेवटी जवळपास ५ फुटांची उभी दरड तयार होते. घराच्या लांबीभर.

एप्रिलमध्ये कापलेली ही दरड भिंतीसारखी उभी दिसते, म्हणून लोक फसतात. जांभ्याचा कडक थर वर असतो. त्याच्याखाली बऱ्याचदा पिवळट-पांढुरकी चिकणमाती असते. पावसात पाणी जांभ्याच्या भेगांतून उतरतं आणि त्या मातीवर येऊन थांबतं. माती फुगते, मऊ होते, आणि वरचा कडक थर आधार सुटून तुकड्यांनी खाली येतो. उघडी दरड पहिल्याच पावसाळ्यात जाते असंही नाही. दोन-तीन वर्षं टिकून मग कोसळते, तोवर तिच्या पायथ्याशी न्हाणी झालेली असते.

कापायचंच झालं तर पाणी निचरायला भोकं असलेली धरभिंत (दरड थोपवणारी भिंत) हवी: ३ इंची पाइप, दर ५ फुटांना, मागे फूटभर खडी, म्हणजे माती वाहून भोकं बुजत नाहीत. ५ फुटांच्या भिंतीला इंजिनिअरकडून आखणी करून घ्या. हा सगळा खर्च धरला की 'छप्पर वाचलं' हे गणित उलटं पडतं. माझं मत स्पष्ट आहे, तो चढ जसा आहे तसा राहू द्या. त्यावरची झुडपं, बांबू, गवतही काढू नका.

सह्यकडा

स्लॅब टाकून मोकळे व्हा ना. उंचीचा प्रश्नच मिटतो. उत्तरेला स्लॅबच्या दोन खोल्या.

पागोळी

@सह्यकडा, उंचीचा प्रश्न मिटतो हे खरं. पण सपाट स्लॅब इथे बहुतेकांना काही वर्षांत वरून पत्र्याने झाकावा लागतो, म्हणजे छप्पर दोनदा. मार्च ते मे त्या खोल्या रात्रीही तापलेल्या राहतात. आणि जुन्या चौपाखीच्या वळचणीखाली स्लॅब घुसवला तर जुन्या पाख्याचं सगळं पाणी स्लॅबवर पडतं. ओटीवरून यांची उत्तरेची जागा मात्र तुम्ही बरोबर हेरलीत.

चिरेबंदी

उत्तरेलाच जा, पण जुन्या घराला चिकटून नको. ८ फूट सोडून स्वतंत्र छोटं घर बांधा आणि मधे अरुंद जोडपडवी ठेवा. कारणं:

जुनं घर मातीत बांधलेलं आहे, इतक्या वर्षांत ते जमिनीत बसायचं तेवढं बसलं. नवं बांधकाम पहिले दोन-तीन पावसाळे थोडं बसणारच. दोन्ही भिंती चिरे एकमेकांत गुंतवून (सांधमोड करून) जोडल्या तर तडा जुन्या भिंतीला जातो. शिवाय जुन्या पायाला लागून खोल खोदावं लागतं. नव्या पायाचा तळ जुन्या पायाच्या तळापेक्षा खाली जाणार असेल तर जितका खाली, किमान तितकाच दूर ठेवायचा. ८ फुटांत ही चिंता राहत नाही.

आता जमिनीबरोबर उतरा. उत्तरेला भराव टाकून जुन्या तळाची पातळी गाठू नका. नवा तळ २ फूट खाली घ्या. भराव थोडा लागतो आणि जुनी वळचण तुमच्या डोक्यावर राहते, ती जोडपडवीला उपयोगी पडते.

नव्या घराची आखणी: आतली रुंदी (पूर्व-पश्चिम) १२ फूट, आतली लांबी (दक्षिण-उत्तर) २६-२७ फूट. त्यात १० × १२ च्या दोन खोल्या ओळीने आणि उत्तर टोकाला ५ फुटांचा पट्टा न्हाणी-संडासाला. छप्पर दुपाखी, आढं (छपराचा सर्वांत वरचा कणा) दक्षिणोत्तर. ही दिशा महत्त्वाची. आढं पूर्व-पश्चिम ठेवलंत तर नव्याचं दक्षिण पाखं आणि जुन्याचं उत्तर पाखं समोरासमोर येतात आणि दोन्हींचं पाणी त्याच ८ फुटांत कोसळतं. तिथे पन्हळ घालतात, ती पानांनी भरते आणि पाणी भिंतीत जातं. दक्षिणोत्तर आढ्यात नव्या छपराचं पाणी पूर्वेला आणि पश्चिमेला जातं. शिवाय पश्चिमेच्या झडीसमोर उंच त्रिकोणी भिंत न येता खाली वाकलेली वळचण येते.

उंची: भिंत तळापासून ८ फूट. फुटाला ७ इंच उताराने आढं साधारण १२ फुटांवर जातं. अडीच फूट बाहेर काढलेली वळचण साडेसहा फुटांवर येते. अडीच फुटांपेक्षा कमी काढू नका, जांभ्याची भिंत छत्रीखालीच टिकते.

सामान: छप्पर ६२ चौ. मीटरच्या आसपास, चौ. मीटरला १५ कौलं, फूटतूट धरून १००० ते १०५०. जोत्यावरच्या भिंतींना १४ × ९ × ७ इंची चिरे (जांभ्याचे कापीव दगड), ९ इंची भिंत धरून, साधारण ११००. जोत्याचे वेगळे. चिऱ्यांचं माप खाणीगणिक बदलतं, म्हणून खाण ठरवा आणि मग हिशेब पुन्हा करा. ताजा चिरा मऊ असतो, हवेवर कडक होतो. आणल्या आणल्या चढवू नका, दोन-तीन महिने उघड्यावर रचून ठेवा. पिवळी-पांढरी मातीची भोकं जास्त असलेला चिरा बाजूला काढा. त्यातली माती धुपते आणि चिरा पोकळ होतो. हा चिरा न्हाणीच्या भिंतीत तर अजिबात नको.

जोतं जमिनीपासून किमान २ फूट. त्यावर दीड इंची १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटचा ओलरोधक थर, भिंतीच्या पूर्ण रुंदीत. दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा: ६ इंच जाड, १० मिमीच्या ४ सळ्या, ६ मिमी रिंगा ६ इंचांवर. छपराची आडवी तुळई या पट्ट्याला बांधा. त्यासाठी पट्टा भरतानाच १२ मिमीचे बोल्ट दर ४ फुटांना उभे सोडा, वरचे थर चढल्यावर तुळई त्यात अडकते. निसर्ग (जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) या वादळांत उघड्या पडवीतून वारा आत शिरून छप्पर खालून उचलत होता. वळचणीच्या दोन ओळींची कौलं तारेने रिपेला बांधा, कौलाला त्यासाठी भोक असतं.

ओटीवरून

खूप आभार, चिरेबंदी. जोडपडवी नीट डोळ्यापुढे येत नाही. जुन्या वळचणीखाली ती कशी बसेल? उंची पुरेल? जुनी कौलं थोडी शिल्लक आहेत, ती वापरता येतील का?

चिरेबंदी

जोडपडवी ८ फूट लांब, ५ फूट रुंद, तिला स्वतःचं छोटं दुपाखी छप्पर. त्याचं आढं जुन्या उत्तर वळचणीच्या ६ इंच खाली, म्हणजे जुन्या तळापासून ७ फुटांवर, आणि ते जुन्या वळचणीच्या आत फूटभर सरकवायचं. जुन्या घराच्या दारासमोर ३ फूट जुन्याच पातळीचा टप्पा, मग ६ इंची चार चढ (पावंड, म्हणजे पाय ठेवायची जागा, ११ इंची), मग नव्या तळाचा तुकडा. टप्प्यावर मधोमध सव्वासहा फुटांपर्यंत उंची मिळते, पायऱ्या उतरल्यावर ८ फूट. दार मधोमधच ठेवा, कडेला डोकं लागेल.

जुन्या पाख्याची पागोळी थेट या छपरावर पडणार, तेव्हा जुन्या वळचणीला तेवढ्यापुरती ८ फुटांची पन्हळ लावा आणि दोन्ही टोकांना उतार द्या. दुसऱ्या टोकाला जोडपडवीचं छप्पर नव्या त्रिकोणी भिंतीला टेकतं. तिथे भिंतीत इंचभर खोल खाच घेऊन पत्रा आत घालायचा आणि तो कौलांवर ६ इंच उतरवायचा. नुसता सिमेंटचा गोळा लावला तर एका उन्हाळ्यात सुटतो. जोडपडवीच्या भिंती पूर्ण उंच नकोत, अडीच फुटांचा कट्टा आणि वर लाकडी गज. वारा त्यातून खेळू द्या.

जुनी कौलं एकाच कारखान्याची आणि एकाच साच्याची असतील तर ती सगळी जोडपडवीवर लावा. नव्या घरावर मिसळू नका. साच्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक असला तरी खाचा बसत नाहीत.

गडगा

तिसरा प्रश्न राहिला. मागची ओल चढावरून येणाऱ्या पाण्याची आहे, गिलाव्याने ती अडकून पडली. सिमेंट बाहेरून बंद, मग ओल आत आणि वर सरकते. फेब्रुवारीत ओलीच्या रेषेच्या वर फूटभरापर्यंत गिलावा काढा. भिंत मेपर्यंत उघडी सुकू द्या. चिऱ्यांमधल्या फटी चुन्याने भरा, चुना १ वाळू ३. पुन्हा गिलावा करू नका.

आणि खरं काम चढावर. घराच्या भिंतीपासून १८-२० फूट वर, चढाला आडवा चर: दीड फूट रुंद, दीड फूट खोल, १०० फुटांना १ फूट उतार. तो नव्या घराच्याही पुढे नेऊन मग खाली सोडा. चर दगडाने बांधून घ्या. नुसता मातीचा चर ठेवला तर पाणी त्यात तुंबून जमिनीत मुरतं आणि चढ आणखी सैल होतो, म्हणजे न केलेला बरा. भिंतीच्या पायथ्याशी वळचणीखाली १८ इंच रुंद खडीचा पट्टा घाला, शिंतोडे कमी होतात.

माडबन

संडासाबद्दल कुणी बोललं नाही. शोषखड्डा विहिरीपासून ५० फुटांच्या आत नको हा नेहमीचा नियम. जांभ्यात भेगांमुळे पाणी वेगाने पळतं, म्हणून मी तेवढ्यावर समाधान मानणार नाही. तुमची विहीर आग्नेयेला आणि उतार उत्तरेकडे, त्यामुळे नव्या घराच्या उत्तर टोकाची जागा योग्य आहे. तिथे जुलैत ५ फूट खड्डा खणून पाहा. पाणी वर आलं तर खोल खड्डा उपयोगाचा नाही, उथळ दोन खड्डे करून भोवती माती चढवावी लागेल. न्हाणीचं पाणी त्यात सोडू नका, ते वेगळं काढून केळी-अळूला द्या.

फणसाला या आराखड्यात हात लागत नाही हे उत्तम. आंबा-फणस तोडायला परवानगी लागते, आणि दक्षिणेची दुपारची सावली तोच देतो. चिरे किंवा वाळूचा ढीग त्याच्या बुंध्याशी रचू नका, मुळं गुदमरतात. सातबारा सामाईक असेल तर ग्रामपंचायतीत अर्ज देण्याआधी हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. काम तिथेच अडकतं.

ओटीवरून

उत्तरेला स्वतंत्र घर, हे ठरलं. ठेकेदाराला कळवतो. शेवटचं एक विचारतो: चर आधी की जोतं आधी? चिरे आत्ता मागवू का?

गडगा

चर आधी, याच मेअखेर. येणाऱ्या पावसात तो किती वाहतो आणि उत्तरेच्या जागेवर पाणी कुठून येतं ते खुंट्या मारून ठेवा. जोत्याची आखणी त्या खुंट्या पाहून दिवाळीनंतर. पातळी डोळ्याने नको, पाण्याच्या नळीने चारही कोपरे घ्या. तुमचा '३५ फुटांत ४ फूट' हा अंदाज अर्ध्या फुटाने जरी चुकला तरी जोडपडवीतली एक पायरी बदलते.

चिरेबंदी

चिरे आत्ता नको. पावसात खाणी बंद असतात आणि आत्ता आणलेला ढीग चार महिने शेवाळेल. खाण सुरू झाली की नोव्हेंबरात पहिल्या खेपेचे घ्या, जानेवारीपर्यंत रचून ठेवा. तोवर जोतं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये भिंती, एप्रिलअखेर कौलं. रिपा ठोकण्याआधी चार कौलं जमिनीवर जोडून दोन रिपांतलं अंतर मोजा. ते साडेबारा इंचांच्या आसपास येतं, पण तुमच्या कौलाचं जे येईल तेच धरा.