‘छान फरक’?

अनुस्वार: कायद्यावरच्या एका लेखाचा अनुवाद तपासतेय. मुळात ‘अ नाइस डिस्टिंक्शन’, अनुवादात ‘छान फरक’. मी खोडून ‘सूक्ष्म भेद’ केलं, तर अनुवादकाचा फोन. “नाइस म्हणजे सूक्ष्म? हे कधीपासून?” इतक्या ठामपणे म्हणाला की आता मलाच शंका यायला लागलीय.

खोडरबर: खोडलंत ते योग्यच. ‘नेमका, बारीक’ हा अर्थ सोळाव्या शतकातला. ‘छान’ अठराव्या शतकात आला. मूळ लॅटिन ‘नेस्कियुस’, म्हणजे अज्ञ. १३००च्या सुमाराला इंग्रजीत कुणाला नाइस म्हणणं म्हणजे त्याला मूर्ख म्हणणं. पुढे चोखंदळ, मग काटेकोर, मग गोड.

उंबरठा: मूर्खाचं एकदम गोड? ओढूनताणून वाटतंय.

खोडरबर: मूढ आणि मुग्ध घ्या. धातू एकच, मुह्. एक मूर्खच राहिला, दुसरा कवितेत जाऊन बसला.

रिकामटेकडी: हे आवडलं! ‘शहाणा’ मात्र उलट घसरलाय. ‘सज्ञान’पासून आलेला शब्द, पण वडील दारातच “या, शहाणे!” म्हणाले की मी ओळखायचे, प्रगतिपुस्तक त्यांच्या हाती लागलंय. ‘बरा’चंही तेच. म्हणे ‘वर’ म्हणजे श्रेष्ठवरून आला. आता “कविता बरी आहे” म्हटलं की कवी दोन दिवस बोलत नाही.

उंबरठा: ते असू दे. मुळात मराठीत नाइस हवंच कशाला? फोटो नाइस, भाषण नाइस, परवा एकाने निधनाच्या बातमीखालीही घाईत नाइस लिहिलं. सुरेख, देखणं, झकास, मस्त, नामी हे शब्द काय मेले?

खोडरबर: तुमचा ‘मस्त’ फारसी, अर्थ झिंगलेला. ‘नामी’ही तिकडचाच.

उंबरठा: ते रुळलेत.

खोडरबर: मग नाइसलाही रुळू द्या की. तीनशे वर्षांनी तुमचाच खापरपणतू त्याची बाजू घेऊन भांडेल.

रिकामटेकडी: रुळणं वेगळं आणि आळस वेगळा. ‘सुरेख’ म्हणताना रेषा दिसते. नाइसमध्ये काय दिसतं? अंगठा.

अनुस्वार: अहो, माझं काय? आत्ताच अनुवादकाचा तडजोडीचा निरोप आलाय: ‘छान सूक्ष्म फरक’.

उंबरठा: ‘फरक’ अरबी आहे. ‘भेद’च ठेवा.