दुःखाचे दिवस आणि समुपदेशन: तुमचे अनुभव

जवळचं माणूस अचानक गेलं, अपघात झाला, आगीत किंवा पुरात होतं नव्हतं ते गेलं. त्यानंतरचे दिवस कसे काढलेत? मदत घ्यायला हवी हे कशावरून जाणवलं? उपदेश नकोत, स्वतःचं सांगा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

*

शेजारच्या सीटवरचा मित्र जागीच गेला, मला नुसतं खरचटलं. डॉक्टर म्हणाले होते, झोप उडणं, दचकणं, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं सुरुवातीला होतंच, आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं; महिना उलटूनही तसंच राहिलं तर या. माझं वाढतच गेलं. आधी गाडीत बसणं सोडलं, मग फोन उचलणं, कारण पलीकडे त्याची आई असेल ही धास्ती. मानसतज्ज्ञांनी तो प्रसंग सावकाश, पुन्हा पुन्हा सांगायला लावला. 'मी वाचलो, म्हणजे दोष माझाच' हा हिशोबही तपासायला लावला. सुरुवातीच्या भेटींनंतर त्रास उलट वाढला. असं होतं हे त्यांनी सांगितलं होतं, तरी पळून जावंसं वाटायचं. आता गाडी चालवतो. हायवेवर अजून नाही.

*

मी कुणाकडेच गेले नाही, हेही नोंदवते. आई गेल्यावर एक मैत्रीण रोज संध्याकाळी यायची आणि काही न विचारता माझ्याबरोबर चालायची. मी रडायचे, पण कामावरही जायचे, मधूनच हसायचेही. रडणाऱ्या प्रत्येकाला समुपदेशकाकडे पाठवायची घाई कशाला? आणि ते 'दुःखाचे पाच टप्पे' (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) कुणी सांगू नका. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी ते १९६९मध्ये मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले. मला राग आलाच नाही, मग मी काय नापास?

*

ताई, पटलं. आपत्तीनंतरच्या मदतकार्यात मी असतो. पहिल्याच दिवशी लोकांना गोल बसवून 'काय काय झालं, सगळं सांगा' म्हणणारे उत्साही लोक भेटतात. असं एका बैठकीत सगळं वदवून घेऊ नये, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. आधी निवारा, पाणी, हरवलेल्या माणसांचा ठावठिकाणा. कुणाला बोलायचं असेल तर ऐकावं, नाहीतर नुसतं शेजारी बसावं.

*

मुलांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. बाबा 'झोपलेत' असं आम्ही लेकाला सांगितलं, तर तो झोपायलाच घाबरू लागला. अंथरूण ओलं व्हायला लागलं, खेळात सारखा तोच अपघात. बालमानसतज्ज्ञांनी स्पष्ट सांगायला लावलं: बाबा मेले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही. तेच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारतो. त्या वयाला मरण कायमचं असतं हे एकदम उमगत नाही.

*

बायको जाऊन वर्ष उलटलं होतं. आठवण येणं हा आजार नाही, हे मलाही कळतं. पण मी तिच्या वस्तूंना हात लावू देत नव्हतो, मित्र तोडले होते, दिवस नुसते जात होते. अशा लांबलेल्या शोकाला आता वेगळं निदान आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत ते २०२२मध्ये आलं, मोठ्यांसाठी किमान एक वर्षाची अट घालून. मी मात्र मदतीला गेलो ते त्या अटीमुळे नाही. एका रात्री 'आपणही संपवावं' असं मनात आलं आणि कसं, तेही सुचलं. मुलाला उठवून सांगितलं. त्याने घरातल्या गोळ्या ताब्यात घेतल्या आणि तसाच इस्पितळात घेऊन गेला. एवढं मनात आलं की महिने मोजत बसू नका. पहिले समुपदेशक 'सकारात्मक विचार करा' म्हणाले, ते सोडले. दुसऱ्या बाईंनी तिच्याबद्दल विचारलं. त्यांच्याकडे अजून जातो.

*

आमचे काका 'मी वेडा नाही' म्हणून तयारच होत नाहीत. काय करावं?

*

आम्ही वडिलांना झोप येत नाही म्हणून नेहमीच्याच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितल्यावर वडील समुपदेशकाकडे गेले, आमचं ऐकलं नसतं.